अर्धा खर्च राज्याचा, मग गाड्यांवर हक्क कोणाचा?

प्रश्न : बिंदुसरेकाठी

बीडला रेल्वे आली, एवढे एक वाक्य लिहिता येण्यासाठी आमच्या जिल्ह्याला तीस वर्षे थांबावे लागले. अहमदनगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३५३ कोटी रुपये होता. सुधारित अंदाजात तो ४,८०५ कोटींवर गेला. काम रखडत चालले तेव्हा निम्मा खर्च उचलण्याची तयारी राज्य सरकारने दाखवली आणि त्यानंतर रूळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकू लागले. नगर ते नवीन आष्टी हा टप्पा सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तिथून अमळनेरपर्यंतचा (खानदेशातले नव्हे, आमच्या पाटोदा तालुक्यातले अमळनेर) फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, बीड स्थानकातून पहिली गाडी सुटली.

त्या दिवशी मी पुण्याहून रजा काढून गावी गेलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या मामांना फलाटावर उभे राहून डोळे पुसताना पाहिले, त्यामुळे या रेल्वेविषयी तक्रारीच्या सुरात लिहिणे मला जड जाते. तरीही प्रश्न उरतोच. जी गाडी आली ती नगरपर्यंत जाणारी डेमू, म्हणजे कमी अंतराची डिझेल गाडी आहे. आमच्या भागातला माणूस शिक्षणासाठी, नोकरीसाठी, दवाखान्यासाठी जातो तो मुख्यतः पुण्याला. नगरला उतरून पुढची गाडी किंवा बस शोधण्यापेक्षा रात्री खासगी ट्रॅव्हल्सने थेट जाणे त्याला सोयीचे वाटते, आणि दिवाळीत त्याच ट्रॅव्हल्सच्या तिकिटाचे दर कुठे जातात हे सांगायला नको.

आता राज्याने अशाच प्रकारे इतर मार्गांचाही भार उचललेला आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गात राज्याचा वाटा ४० टक्के आहे, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव आणि जालना–जळगाव या मार्गांत ५० टक्के आहे. रेल्वे हा केंद्राचा विषय असताना राज्याने हजारो कोटी रुपये घालणे योग्य आहे का, हा वाद जुना आहे आणि त्यात मला पुन्हा शिरायचे नाही. माझे विचारणे इतकेच आहे की, जर पैसे द्यायचेच असतील तर त्या बदल्यात राज्याच्या हाती नेमके काय येते? किती गाड्या सुटाव्यात, त्या कुठपर्यंत जाव्यात, कोणत्या वेळी जाव्यात, यावर निम्मा खर्च देणाऱ्याचा काही अधिकार असतो का? नसेल, तर तो कोणत्या मार्गाने मिळवता येईल? आणि पुढच्या मार्गांसाठी लागणारा पैसा राज्य आणणार कुठून? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


प्रतिसाद : जमाखर्च

शासकीय हिशेबाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपल्या मूळ प्रश्नाचे थेट उत्तर असे आहे की, खर्चाच्या वाटणीच्या या पद्धतीत राज्याच्या हाती रूळ येत नाहीत, गाडी येत नाही आणि वेळापत्रकही येत नाही. रेल्वे संघसूचीतील विषय आहे. राज्य जो हिस्सा देते तो बांधकामासाठी दिलेल्या वर्गणीसारखा असतो. मार्ग पूर्ण झाला की मालमत्ता रेल्वेची होते आणि ती कशी वापरायची हे संबंधित विभागीय रेल्वे ठरवते. आपल्या मार्गाच्या बाबतीत तर आणखी एक गुंतागुंत आहे : नगरची बाजू मध्य रेल्वेकडे आणि परळी स्थानक दक्षिण मध्य रेल्वेकडे, ज्याचे मुख्यालय सिकंदराबादला. संपूर्ण मार्ग जोडला गेल्यावर लांब पल्ल्याची गाडी मागायची झाली तर दोन मुख्यालयांची दारे ठोठवावी लागतील.

याच्या तुलनेत कोकण रेल्वेची रचना पाहण्यासारखी आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या त्या महामंडळात केंद्राचे भागभांडवल ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के होते. उरलेली मोठी रक्कम रोख्यांतून उभी केली गेली. म्हणजे तिथे राज्य हे वर्गणीदार नव्हते, भागीदार होते. सह्याद्रीच्या कुशीतून ७४१ किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ पर्यंत पूर्ण झाला तो ई. श्रीधरन यांच्या कर्तृत्वाने, हे खरेच. पण पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे न पाहता एकदम उपलब्ध झाला, हे कारणही तितकेच मोठे होते. एक मार्ग आठ वर्षांत होतो आणि दुसरा तीस वर्षांत होतो, यामागे डोंगर किंवा जमीन यांपेक्षा हप्त्याने पैसे देण्याची सवय अधिक कारणीभूत असते. आपल्या मार्गाचा प्रतिकिलोमीटर खर्च मूळ अंदाजात दीड कोटींच्याही आत होता आणि आज तो साडेअठरा कोटींच्या आसपास येतो. त्यात महागाई आहे, २०१३ च्या भूसंपादन कायद्याने वाढलेला मोबदला आहे, तांत्रिक दर्जातील बदल आहेत. तरीही सुरुवातीची कित्येक वर्षे दरसाल जी किरकोळ तरतूद होत राहिली तिने या आकड्याला हातभार लावला, हे नाकारता येणार नाही. भूसंपादन हे राज्याच्या महसूल यंत्रणेचे काम असते, म्हणून विलंबाचा सगळा दोष दिल्लीवर ढकलणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही.

अर्थात कोकण रेल्वेच्या पद्धतीची किंमतही चुकवावी लागली. रोख्यांवरील व्याजाचा बोजा महामंडळाला वर्षानुवर्षे वाहावा लागला, आणि भाडे आकारताना प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरले जात असल्यामुळे तो बोजा काही अंशी चाकरमान्यांच्या तिकिटातून वसूल झाला. मार्गाचा फार मोठा भाग अजूनही एकेरी आहे. रोहा ते वीर एवढाच टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढच्या विस्तारासाठी लागणारा पैसा महामंडळाला स्वतःच्या बळावर उभा करता येत नाही, म्हणून तर विलीनीकरणाचा विषय निघाला आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवण्याच्या अटीवर त्याला संमती दिली. भागीदारीचा तो प्रयोग अशा रीतीने मिटत चालला आहे, याचे मला वाईट वाटते.

आता गाडी चालवण्याच्या खर्चाविषयी. काही वर्षांपूर्वी रेल्वेच्या तिकिटावरच छापलेले असे की, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते. सरासरी जर अशी असेल, तर कमी अंतराच्या, कमी डब्यांच्या आणि शाखामार्गावरील गाडीत तूट किती मोठी असेल याची कल्पना करावी. नव्या मार्गावर प्रत्येक वाढीव फेरी म्हणजे विभागीय रेल्वेच्या दृष्टीने वाढीव तूट असते. तिथल्या अधिकाऱ्यांना बीडविषयी आकस नसतो. त्यांच्या वहीत ती फेरी खर्चाच्या बाजूला पडते, इतकेच. बांधकामाच्या कोनशिलेवर नाव कोरता येते, म्हणून त्यासाठी पैसा निघतो. रोज सकाळी सहाची गाडी सोडण्याची कोनशिला नसते.

म्हणून माझे मत असे बनले आहे की, राज्याने यापुढे कोणत्याही मार्गाला निम्मा हिस्सा देताना करारातच पहिल्या दहा वर्षांच्या किमान फेऱ्या, त्यांचे गंतव्य आणि त्यातून येणारी तूट कोणी किती भरायची, हे लिहून घ्यावे. फेऱ्यांच्या तुटीत वाटा उचलण्याची तयारी ठेवली तरच फेऱ्यांवर बोलण्याचा अधिकार मिळेल.


प्रतिसाद : लालपरी

मी एसटीच्या घरात वाढलो. वडील वाहक होते. त्यामुळे माझे बोलणे एकांगी वाटले तर तसे समजण्यास हरकत नाही.

१ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती पुणे ते नगर. म्हणजे ज्या दिशेने जाण्यासाठी आपण रेल्वेची मागणी करत आहात त्याच दिशेची सेवा हे राज्य त्याच्याही जन्माआधीपासून चालवत आले आहे. एसटीच्या बाबतीत राज्याकडे सगळेच आहे : मालकी, वेळापत्रक, आगारे, तालुक्याच्या ठिकाणी मोक्याच्या जागा. नाही तो पैसा. संचित तोटा दहा हजार कोटींच्या पलीकडे गेलेला आहे, बसगाड्या जुन्या झाल्या आहेत, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, आणि २०२१-२२ च्या हिवाळ्यातील संपानंतर जे प्रवासी वडापकडे वळले त्यांतले कित्येक परत आलेच नाहीत.

यातली विसंगती लक्षात घ्यावी. राज्य सरकार ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास देते, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास देते आणि त्या सवलतींची भरपाई महामंडळाला करते. हे धोरण मला मान्य आहे. माझी आई त्या सवलतीमुळे महिन्याला दोनदा माहेरी जाऊ लागली आहे. पण तेच सरकार त्याच एसटीच्या भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर आकारते. एका खिशातून दिलेले पैसे दुसऱ्या खिशात काढून घ्यायचे, आणि भरपाईचा हप्ता लांबला की पगारासाठी महामंडळाने हात पसरायचे, असा हा व्यवहार आहे.

बीड जिल्ह्यातील प्रत्येक गावातून जाणारा रूळ शंभर वर्षांतही पडणार नाही. बस मात्र आजही जाते किंवा काल जात होती. नव्या रेल्वेस्थानकांची ठिकाणे पाहा : बरीचशी गावाबाहेर, माळावर. तिथे उतरलेल्या प्रवाशाने पुढे कसे जायचे? गाडीच्या वेळेशी जुळणारी बस असेल तरच तो रेल्वेने येईल. तेव्हा रेल्वेच्या फेरीची तूट भरण्याआधी प्रत्येक नव्या स्थानकावर एसटीचा थांबा आणि गाडीशी जोडलेली फेरी द्यावी. त्याला लागणारा पैसा एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे नगण्य आहे.


प्रतिसाद : कल्याण जलद

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. मुंबईच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ‘पैसे दिले तर अधिकार मिळतो का’ या प्रश्नाचे एक अर्धवट उत्तर आमच्याकडे पंचवीस वर्षांपासून उभे आहे.

१९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा ४९ टक्के. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे ज्याला आम्ही सगळे एमयूटीपी म्हणतो, त्याची कामे हे महामंडळ करते. पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेचे कर्ज होते. पुढचे टप्पे अनुक्रमे वाढत जाऊन तिसरा टप्पा १०,९४७ कोटींचा आणि तीन-अ हा ३३,६९० कोटींचा झाला. प्रवाशांकडूनही या प्रकल्पासाठी तिकिटावर अधिभार घेतला गेला, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, विजेची जुनी १५०० व्होल्टची व्यवस्था जाऊन २५ हजार व्होल्टची आली, बोरिवली–विरार मार्ग चौपदरी झाला. ठाणे–दिवा दरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २००८ ची मंजुरी होती, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये वापरात आली. तरीही ती आली.

परंतु महामंडळाचे काम बांधून देण्यापुरते आहे. लोकल चालवतात त्या मध्य आणि पश्चिम रेल्वे. त्यामुळे ४९ टक्क्यांचा भागीदार असलेल्या राज्याला कल्याण–कसारा मार्गावर एक फेरी वाढवून हवी असेल तरी विनंतीच करावी लागते. तेव्हा ‘जमाखर्च’ यांच्या म्हणण्यात मी एवढी दुरुस्ती सुचवतो की, भागीदारी बांधकाम करणाऱ्या कंपनीत असून भागत नाही. ती गाड्या चालवणाऱ्या व्यवस्थेत असायला हवी. कोकण रेल्वे स्वतः गाड्या चालवते, हाच तिच्यातला आणि आमच्या महामंडळातला मोठा फरक आहे.

दुसरा मुद्दा मेट्रोचा. मेट्रोसाठी मात्र राज्याने पैशाचा स्वतंत्र झरा शोधला. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे घर घेणारा माणूस मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का मेट्रो अधिभार भरतो. करोनाच्या काळात तो दोन वर्षे थांबवला होता, १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. शिवाय परदेशी कर्जे आहेत : मुंबईच्या भुयारी मेट्रो तीनला जपानच्या जायका या विकास संस्थेचे, नागपूरला जर्मनी आणि फ्रान्सच्या विकास बँकांचे. मेट्रो तीनचा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला, तरी साडेतेहतीस किलोमीटरचा तो मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण सुरू झालाच. पैशाचा ओघ निश्चित असला की वाढीव खर्चही पचतो. बीडच्या मार्गामागे असा ओघ नव्हता.

मात्र या अधिभारात एक अन्याय आहे, तो मी कल्याणला राहत असूनही मान्य करतो. जिथे जमिनीला भाव तिथेच अधिभारातून पैसा निघतो आणि तिथेच तो खर्च होतो. मराठवाड्यात किंवा यवतमाळात मुद्रांक शुल्कावर टक्का लावून रेल्वे बांधता येणार नाही.


प्रतिसाद : बिंदुसरेकाठी

सर्वांचे आभार. ‘लालपरी’ यांचे म्हणणे मनाला लागले, कारण आमच्या स्थानकावर उतरल्यावर पहिला प्रश्न मामांनाही हाच पडला होता की आता गावात जायचे कसे.

मला एक शंका आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात महाराष्ट्रातील रेल्वे कामांसाठी २३,७७८ कोटी रुपयांची तरतूद झाल्याचे रेल्वेमंत्र्यांनी सांगितले होते, आणि २००९ ते २०१४ या काळातील वार्षिक सरासरी १,१७१ कोटी होती असेही तुलनेसाठी मांडले होते. केंद्राकडून इतका पैसा येत असेल, तर राज्याने निम्मा भार उचलण्याची पद्धत आता बंद का करू नये? आणि तो वाचलेला पैसा ‘जमाखर्च’ म्हणतात तसा फेऱ्यांच्या तुटीसाठी का वापरू नये?


प्रतिसाद : नेकारकाठ

मी गेली बारा वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. मूळचा परभणीचा असल्यामुळे हा धागा आवर्जून वाचला.

बिंदुसरेकाठी यांनी जी अदलाबदल सुचवली आहे, तिच्याशी मिळतीजुळती व्यवस्था इथे १ जानेवारी १९९६ पासून आहे. स्थानिक आणि प्रादेशिक रेल्वेसेवेची जबाबदारी त्या दिवशी केंद्राकडून राज्यांकडे गेली, आणि तिच्यासोबत केंद्राने दरवर्षी ठरावीक निधी देण्याचे कायद्याने बंधन घालून घेतले. रूळ केंद्राच्या मालकीच्या कंपनीचे, पण कोणत्या मार्गावर तासाला किती गाड्या हव्यात हे राज्य ठरवते, निविदा काढते आणि जी कंपनी ती सेवा पुरवेल तिला पैसे देते. मी ज्या गाडीने कामाला जातो तिच्या डब्यावर राज्याचे बोधचिन्ह आहे. गाडी वेळेवर येत नाही (येत नाहीच, त्याबाबत गैरसमज नको) तेव्हा लोक राज्याच्या परिवहनमंत्र्याला जाब विचारतात.

ही व्यवस्था भारतात जशीच्या तशी उचलता येईल असे मला वाटत नाही. आपल्याकडे मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच रुळांवर गर्दी करतात. पण पैसा आणि निर्णय एकाच दिशेने जाऊ देण्याचे तत्त्व घेण्यासारखे आहे.


प्रतिसाद : जमाखर्च

बिंदुसरेकाठी यांच्या शंकेचे उत्तर देतो.

२३,७७८ कोटींचा आकडा खरा आहे, पण तो भांडवली कामांचा आहे. त्यातून रूळ, पूल, विद्युतीकरण, स्थानकांची पुनर्बांधणी होईल. आपल्या सकाळच्या गाडीला लागणारे चालक, गार्ड, डबे आणि इंधन यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. राज्याचा हिस्सा एकदम बंद करावा, असेही मी म्हणणार नाही. ज्या मार्गांबाबत शब्द दिला गेला आहे तिथे माघार घेतली तर वर्धा–नांदेडसारखा २००८-०९ मध्ये मंजूर झालेला मार्ग, ज्याचा वर्धा–कळंब एवढाच टुकडा २०२४ मध्ये सुरू झाला, पुन्हा थंड पडेल. नव्या करारांपासून अटी बदलाव्यात.

राहिला पैसा कुठून आणावा हा प्रश्न. ‘कल्याण जलद’ यांनी दाखवलेली अडचण बरोबर आहे की, मुद्रांक शुल्कावरचा अधिभार शहरांतच पिकतो. इथे मला महाराष्ट्राच्याच इतिहासातील एक दाखला द्यावासा वाटतो. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला, आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने स्वतंत्र निधी उभा करून त्यात राज्याने आपली भर घालण्याचे ठरवले. मुंबईतील पगारदाराच्या पगारातून कापलेल्या रकमेने मराठवाड्यात नालाबांध आणि रस्ते झाले. शहराचा पैसा गावाकडे नेण्याचा असा उघड आणि कायदेशीर रस्ता या राज्याने एकदा बांधलेला आहे.

व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार वर्षाला २,५०० रुपये आहे आणि ती १९८८ पासून तशीच आहे. ती वाढवणे राज्याच्या हाती नाही, त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल. परंतु वाहन कराचा ठरावीक हिस्सा, किंवा एसटीवरचा तोच प्रवासी कर, सर्वसाधारण तिजोरीत न टाकता एका राज्य परिवहन निधीत वर्ग करणे विधिमंडळाला आज शक्य आहे. त्या निधीतून एसटीची भरपाई आणि रेल्वेच्या मान्य फेऱ्यांची तूट, दोन्ही भागवता येतील. पुण्यात पीएमपीएमएल या शहर बससेवेची संचलन तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के या प्रमाणात भरते, म्हणजे तूट वाटून घेण्याची पद्धत आपल्याला अगदीच अपरिचित नाही.


प्रतिसाद : लालपरी

‘जमाखर्च’ यांचा प्रवासी कराचा प्रस्ताव ऐकायला गोड आहे, पण त्याचा अर्थ असा होतो की एसटीच्या प्रवाशाने भरलेल्या करातून रेल्वेच्या प्रवाशाची तूट भरायची. आष्टी तालुक्यातील ज्या गावाला रेल्वे नाही, तिथल्या बाईने बसच्या तिकिटातून बीड–पुणे गाडीचे पैसे का भरावेत? वाहन कराचा हिस्सा घ्या, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे; मोटारवाल्याने बसवाल्यासाठी थोडे मोजावे, हे न्याय्यच आहे. प्रवासी कर मात्र माफ करावा किंवा नव्या बस घेण्यासाठीच राखून ठेवावा.


प्रतिसाद : जमाखर्च

आक्षेप मान्य. प्रवासी कर त्या निधीतून वगळतो.


प्रतिसाद : संगमनेरी

या चर्चेत पुणे–नाशिक मार्गाचा उल्लेख कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटले. राज्य आणि रेल्वे यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतील ‘महारेल’ या कंपनीने सुमारे २३५ किलोमीटरच्या दुहेरी, ताशी २०० किलोमीटर वेगाच्या मार्गाची आखणी केली होती. खर्च १६,०३९ कोटी. त्यात राज्य २० टक्के, रेल्वे २० टक्के आणि बाकी ६० टक्के वित्तीय संस्थांकडून. पैशाची जुळणी कागदावर इतकी व्यवस्थित असलेला दुसरा प्रकल्प मला माहीत नाही. चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा तो जाणार होता आणि काही गावांत थेट खरेदीने जमीन घेण्यास सुरुवातही झाली होती.

अडला कुठे? नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येईल, हा आक्षेप निर्णायक ठरला आणि आता मार्ग शिर्डी, पुणतांबा, अहिल्यानगरकडून वळवण्याचे घाटत आहे. दुर्बीण वाचली पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ती तिथे नव्वदच्या दशकापासून उभी आहे, आखणी करणाऱ्यांना ती नंतर दिसली असे थोडेच झाले! ज्यांच्या सातबाऱ्यावर संपादनाचे सावट येऊन गेले त्या शेतकऱ्यांनी त्या काळात विहीर खणली नाही, बाग लावली नाही. हा खर्च कोणाच्याच वहीत दिसत नाही.

तेव्हा ‘भागीदारी असली की काम होते’ या निष्कर्षावर एवढ्या लवकर येऊ नये.


प्रतिसाद : बिंदुसरेकाठी

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. गावाकडील काही जण मिळून आमदार आणि खासदार, दोघांनाही एक निवेदन द्यायचे ठरवले आहे. निधी, करार वगैरे मोठ्या गोष्टी त्यात घालण्याची आमची कुवत नाही. दोनच मागण्या ठेवतो : बीडची एक गाडी सकाळी पुण्यापर्यंत जावी व संध्याकाळी परत यावी, आणि बीड, अमळनेर, आष्टी या स्थानकांवर त्या गाडीला जोडून एसटीची फेरी असावी. यात काही भर घालायची असल्यास कळवावे.


प्रतिसाद : कल्याण जलद

एक भर जरूर घाला. पुण्याची गाडी मागितली की ‘दौंडला इंजिन फिरवावे लागते, वेळ जातो’ असे उत्तर येण्याची शक्यता आहे. नगरकडून येणारी गाडी दौंड स्थानकात न शिरता परस्पर पुण्याच्या दिशेला वळवण्यासाठी कॉर्ड लाइन बांधलेली आहे आणि तिच्यावर ‘दौंड कॉर्ड लाइन’ नावाचे स्थानकही आहे. निवेदनात गाडी त्याच मार्गाने न्यावी असे स्पष्ट लिहा, म्हणजे ते कारण पुढे करता येणार नाही. आणि निवेदनाची प्रत एसटीच्या बीड विभाग नियंत्रकांनाही द्या. दुसऱ्या मागणीचा निर्णय मुंबई-दिल्लीपर्यंत न जाता तिथेच होऊ शकेल.